झाडून टाकलेले चंद्र

त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. मिल बंद पडल्यावर ते लालबागच्या मेळ्यात साखरेचे ‘बुढ्ढी के बाल’ विकायचे आणि दर दोन काड्यांनंतर फडक्यानं यंत्राची कड पुसायचे. मिलमधली सवय.

त्या दिवशी पेपरात बातमी होती, दुसऱ्या एका ताऱ्याभोवती अजस्र ग्रह सापडल्याची! मी कॉलेजात शिकवतो; कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना. त्यांनाच गाठलं.

“काका, असा ग्रह बनताना त्याच्याभोवती वायूची नि धुळीची चकती फिरते. धूळ धुळीला चिकटते, गोळे वाढत जातात आणि त्यांचेच चंद्र होतात!”

त्यांचा पुसणारा हात थांबला. कडेला साखरेच्या तंतूंचे बारीक गोळे जमले होते.

“असे?”

“थोडेफार असेच!”

“अरे भिया, मिलमध्ये सूत कातणाऱ्या फिरत्या चात्यांभोवती रुई उडायची, तिचे पण असेच गोळे व्हायचे. बीस साल मी तेच झाडले!” ते इतक्या जोरात हसले, की रांगेतली माणसं बघायला लागली. “म्हणजे मी चांद झाडत होतो!”

मग त्यांनी फडकं घडी करून खिशात ठेवलं. कडेचे गोळे त्या दिवशी पुसले नाहीत.