चौदा सेकंदांतले आप्पा

आप्पा टीव्हीवर चौदा सेकंद दिसले आणि चौदाच्या चौदा सेकंद त्यांनी मान वर केली नाही.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

छोट्या स्टेशनांवरच्या कर्मचाऱ्यांवरची ती डॉक्युमेंट्री गेल्या आठवड्यात लागली. शूटिंग ते असतानाचं. परभणी-पूर्णा लाइनीवरचं आमचं स्टेशन, जिथे एक्सप्रेस थांबत नाही, नुसती धूळ उडवून जाते. तिथे आप्पा पॉइंट्समन होते. हातात हिरवा झेंडा, गाडी धडधडत चाललीय, आणि हा माणूस खाली चाकांकडे बघतोय.

बस्स. तेवढंच.

मी ती क्लिप इथे टाकली आणि तुम्ही लोकांनी ती कुठल्या कुठे पोचवली. त्याबद्दल आभार. पण कमेंट वाचून माझं डोकं फिरलं.

"काका गाडीला टाटा करतायत, सो क्यूट."

"नुसता झेंडा धरायचा पगार? आम्हाला पण लावा कुठेतरी."

"चेहऱ्यावर जरा हसू ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?"

मी एकेकाला उत्तर द्यायला बसले. दादा, तो टाटा नसतो. गाडी जाताना कुठे धूर निघतोय का, ब्रेक चिकटलाय का, काही लोंबतंय का, ते डबा न् डबा बघायचं असतं. सगळं ठीक असेल तर झेंडा हिरवा. तुम्ही आत बसून चिवडा खाता ना, तो त्या झेंड्याच्या जिवावर.

माय शेजारी बसली होती. म्हणाली, "नको भांडू गं. त्यायला काय माहीत हाय."

मग म्हणाली, "परत लाव."

पंधरा-वीस वेळा लावायला लावली. तिचं लक्ष भलतीकडेच. "बटण तुटलंय बघ शर्टाचं. किती डाव म्हणलं, काढून द्या, लावून देते."

आणि शेवटी हळूच, "एकदा तरी वर बघायचं की."

खरं सांगू? ज्याने हसण्याबद्दल लिहिलं, त्याच्याशी मी सगळ्यात जास्त भांडले. कारण माझीही तक्रार तीच होती. नऊ वर्षांपासून.

पुण्याला पहिली नोकरी लागली तेव्हाची गोष्ट. मामाने आमच्या गावाहून, ताडकळसहून, मोटरसायकलवर पूर्णेला आणून गाडीत बसवलं. आप्पा ड्यूटीवर. सकाळी निघताना एवढंच म्हणाले, "पोचलीस की फोन कर, बाई."

पूर्णा सोडल्यावर थोड्या वेळात त्यांचं स्टेशन येणार होतं. मी दाराशी जाऊन उभी राहिले. नवा ड्रेस, एका हाताने दांडा धरलेला, दुसरा हात बाहेर. लांबूनच आप्पा दिसले. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "आप्पा."

ते चाकांकडे बघत होते.

माझा डबा त्यांच्यासमोरून गेला. दोन हातांवरून. त्यांनी बघितलं नाही.

मी परभणी येईपर्यंत रडले आणि त्यानंतर पुण्यापर्यंत रागावले. पोचल्यावर मायला फोन केला. आप्पांना केला नाही. मुद्दाम.

दिवाळीला घरी गेले तेव्हा विषय काढला. म्हटलं, एक सेकंद वर बघितलं असतं तर गाडी काही पडली नसती.

ते भाकरी खात होते. म्हणाले, "तू डब्यात होतीस, म्हणून तर चाकाकडं बघायलतो."

मला तो बहाणा वाटला. तसं तोंडावर बोलूनही दाखवलं. ते पाणी प्याले आणि उठले.

तो विषय पुन्हा निघाला नाही. मीही काढला नाही. वाटायचं, रिटायर झाले की निवांत भांडू. ते गेले तेव्हा रिटायरमेंटला सहा महिने उरले होते.

काल संध्याकाळी त्या क्लिपखाली एका अनोळखी काकांची कमेंट आली. या लाइनीवर गार्ड होते, आता रिटायर आहेत. जशीच्या तशी देते.

"टीव्हीवाल्यांनी क्लिप गाडी संपायच्या आधीच कापली आहे. गार्डचा डबा सगळ्यात शेवटी असतो. तो जवळ आला की हे मान वर करायचे. अख्ख्या गाडीत ते फक्त माझ्याकडे बघायचे. आम्ही कधी बोललो नाही, नावही आज कळलं.

एकदा मात्र माझी गाडी पुढे निघून गेली तरी यांचा झेंडा खाली येईना. रुळाच्या कडेला येऊन उभेच. मला वाटलं, मागे काहीतरी गडबड आहे. वॉकीटॉकीवर स्टेशनला विचारलं. मास्तर म्हणाले, काही न्हाई साहेब, त्यांची लेक हाय तुमच्या गाडीत. पुण्याला चाललीय नोकरीला.

वळण येईपर्यंत झेंडा दिसत होता."

मी मायला वाचून दाखवलं. तिने मोबाइल हातात घेतला, वाचता येत नाही तरी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. म्हणाली, "त्या दिवशी घरी आल्यावर दहादा विचारलं मला. फोन आला का, फोन आला का. आला म्हणलं, तर म्हणे मला का न्हाई केला."

नऊ वर्षं तिने मला हे सांगितलं नव्हतं.

आज दुपारी पाहुणे जेवून गेले. घर रिकामं झालं. मी आप्पांचा नंबर लावला. तो बंद आहे हे माहीत होतं, तरी लावला.

म्हणून इथे लिहितेय.

आप्पा, मी पोचले.

गाडी नीट होती, शेवटच्या डब्यापर्यंत.

आता झेंडा खाली घ्या. दमला असाल.