लॉगिन एकटीचं, किल्ली सगळ्यांची

चाकणच्या तांब्याच्या कंटेनरची ती केस अजून माझ्या डोक्यातून जात नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांची आठवण आली तर येते आणि निघून जाते. ही केस आठवली की मात्र डोकं तापतं. आणि राग चोराचा येत नाही. चोराने चोराचं काम केलं, त्याची शिक्षा कायदा बघेल.

तेव्हा मी चाकण पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. नवी न्याय संहिता नुकतीच लागू झाली होती आणि ठाणे अंमलदाराच्या खुर्चीमागे जुन्या-नव्या कलमांचा तक्ता चिकटवलेला होता. कुणी फिर्याद द्यायला आलं की अंमलदार आधी मान वळवून तक्ता बघायचा, मग पेन उघडायचा. लोकांना वाटायचं, साहेब देवाचं नाव घेतायत.

एका सकाळी एक क्लिअरिंग एजंट फिर्याद घेऊन आला. परदेशातून बंदरात उतरलेला माल कस्टममधून सोडवायचा आणि इथल्या कारखान्यांना पोचवायचा, हा त्याचा धंदा. एका मोटर बनवणाऱ्या कारखान्यासाठी तांब्याच्या तारेच्या रिळांनी भरलेला कंटेनर आला होता. कस्टमने तो सोडला. एजंटचा ट्रेलर बंदरावर गेला, तर तिथला माणूस म्हणाला, तुमचा कंटेनर सकाळीच गेला. गेट पास बरोबर होता, ओटीपी बरोबर होता, आम्ही दिला.

"हे कधीचं?" मी विचारलं.

"झाले थोडे दिवस, साहेब."

"आणि आज उगवताय?"

कारखान्याला कळलं तर गिऱ्हाईक तुटेल म्हणून हा पठ्ठ्या आपल्या परीने माल शोधत फिरत होता. कारखान्याची लाइन बंद पडायची वेळ आली तेव्हा नाइलाजाने आमच्याकडे आला. मी बंदराच्या कार्यालयात फोन लावला. तिथले अधिकारी सौजन्याने बोलले, पण मुद्दा एकच. त्यांच्या संगणकात कुणी घुसलेलं नाही. नोंदणी असलेल्या माणसाने पासवर्ड टाकला, ओटीपी टाकला, पास निघाला. आमच्या सायबरच्या मुलांनीही तेच सांगितलं. कुलूप फोडलेलं नाही, किल्लीने उघडलंय.

"किल्ली कुणाची?" मी एजंटला विचारलं.

त्याने क्षणभरही वेळ लावला नाही. "आमच्याकडे एक मुलगी आहे, साहेब. लॉगिन तिच्याच नावावर आहे. तिला आत घ्या, सगळं बाहेर येईल."

इतक्या चटकन नाव आलं की माझे कान टवकारले. ज्याचा माल गेला तो माणूस आधी चार जणांवर संशय घेतो, रडतो, शिव्या देतो. हा एकच बोट दाखवून मोकळा झाला. पण कागदावर त्याचं म्हणणं खरं होतं. लॉगिन तिचं होतं. दुपारपर्यंत वरून फोन आला, संशयित ठरलेली असताना अटक का नाही?

मुलगी परभणीकडची. भोसरीत भाड्याच्या खोलीत आजारी आईला घेऊन राहायची. मी तिला आणायला ठाण्याची गाडी पाठवली नाही. भोसरीच्या चाळीत पोलिसांची गाडी थांबली की पाच मिनिटांत अख्ख्या गल्लीत निकाल लागतो, कोर्टाची गरज उरत नाही. आमच्या महिला हवालदार साध्या साडीत रिक्षाने गेल्या आणि तिला घेऊन आल्या.

ती माझ्यासमोर बसली ती खुर्चीच्या कडेवर. हात ओढणीत गुंडाळलेले.

"सर, मी चोरी नाही केली ओ. मला अटक केली तर घरमालक आज संध्याकाळी सामान बाहेर काढंल. आईला घेऊन कुठं जाऊ मी?"

"कुणी अटक केली तुला? बस नीट. पास तुझ्या लॉगिनवरून निघाला, हे तर खरं ना?"

"माझं लॉगिन सगळेच वापरायलेत सर. पहिल्यापासून."

"सगळेच म्हणजे?"

मग तिने जे सांगितलं ते ऐकून मी कपाळावर हात मारून घेतला. बंदराच्या संगणकावर प्रत्येकाची वेगळी नोंदणी करायची तर कागदपत्रं लागतात, खेटे पडतात. मालकाने, म्हणजे त्या एजंटने, तो व्याप टाळला. नोंदणी हिच्या एकटीच्या नावाने केली आणि पासवर्ड ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कायमचा वर चिकटवून ठेवला. ओटीपी यायचा मालकाच्या मोबाइलवर. मालक कधी मीटिंगमध्ये, कधी गाडी चालवत. म्हणून ओटीपी आला की तोही ग्रुपवर टाकायचा. जो कुणी संगणकासमोर असेल तो काम उरकेल. अशी यांची पद्धत! घराला तिजोरीसारखं दार लावायचं आणि किल्ली दाराबाहेर खिळ्याला अडकवायची.

मी तिला तो ग्रुप दाखवायला सांगितला. ऑफिसात माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ग्रुपमध्ये मात्र जत्रा भरलेली. जुने ड्रायव्हर, सोडून गेलेला अकाउंटंट, आणि काय सांगू, चहावालासुद्धा. ऑर्डर द्यायला सोपं जातं म्हणून.

"जे सोडून गेले त्यांना काढलं का नाही?"

"कसं काढायचं सर? काढलं की सगळ्यांना दिसतंय, अमक्याने तमक्याला काढलं. वाईट वाटतं माणसाला. ते वाढदिवसाला शुभेच्छा देतात, सणाला फोटो टाकतात. मालकच म्हणतात, राहू द्या, आपलीच माणसं आहेत."

आमच्याकडे म्हण आहे, भीड भिकेची बहीण. लहानपणी आजोबांच्या तोंडून ऐकली होती. तिचा अर्थ पोलीस ठाण्यात असा समोर येऊन बसेल असं वाटलं नव्हतं. माणूस नोकरी सोडतो, पगार बंद होतो, खुर्ची जाते, पण ग्रुपमधून त्याला काढणं हा अपमान समजला जातो.

मी विचारलं, "गेलेल्यांपैकी हे पासचं काम कोण करायचं?"

ती ओढणीचं टोक पिळू लागली. मी घाई केली नाही. महिला हवालदारांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि म्हणाल्या, "बोल गं. तू नाव झाकलंस तरी ते लोक तुला झाकणार नाहीत." तेव्हा कुठे तिने सांगितलं. जवळच्या निघोजे गावचा एक जण होता. जमीनजुमल्याचं जुनं घराणं. मालकाशी खटका उडून त्याने काम सोडलं होतं. आणि मालकाचं गोडाऊन उभं होतं त्याच्याच वडिलांच्या जागेवर.

आता माझ्या ध्यानात आलं की त्या एजंटने एकच बोट का दाखवलं. पण ध्यानात येणं वेगळं आणि पुरावा वेगळा. मी तिला घरी पाठवलं. वरिष्ठांना कळवलं, तपास चालू आहे, अटकेची गरज आज वाटत नाही. त्यावर चार शब्द ऐकून घेतले. पोलिसाच्या कातडीला तेवढी सवय असते.

दुसऱ्याच दिवशी देव पावला. भोसरीत भंगाराचा धंदा करणारा एक आमचा खबरी होता. त्याने हवालदाराला गाठलं. "भाऊ, एका शेडमधी कोऱ्या तांब्याची रिळं विकायला आल्यात. वरचं परदेशी लेबल खरवडलंय. भंगार कदी एवढं चकचकीत असतं का?"

आम्ही पंचांना घेऊन शेडवर गेलो. काही रिळं मिळाली, पंचनामा केला. शेडवाल्याने ट्रेलरच्या ड्रायव्हरचं नाव दिलं. ड्रायव्हर सापडला तो एका ढाब्यावर मिसळ खाताना. बिचाऱ्याने ताटावरून उठताना पाव तेवढा हातात घेतला. तो म्हणाला, मला एका भाऊंचा फोन आला, पास मोबाइलवर आला, त्यांनी बंदराच्या मागच्या गेटने जायला सांगितलं, मी गेलो. भाऊ कोण ते माहीत नाही. सिमकार्ड भलत्याच्याच नावावर निघालं. मागच्या गेटची गोष्ट मात्र मी मनात जपून ठेवली. ती ड्रायव्हरच्या जबाबात होती आणि मला ठाऊक होती. बाहेर कुणाला नाही.

मग निघोज्याच्या त्या माणसाला बोलावलं. आला तो पांढऱ्या गाडीतून, हातात दोन मोबाइल. मी खुर्ची दिली, चहा मागवला. तरुण अधिकाऱ्यांना मी नेहमी सांगायचो, धमकी दिली की माणूस तोंड शिवतो, मोठेपणा दिला की सैल सोडतो.

"तुम्ही सोडल्यापासून त्या ऑफिसचा पार बट्ट्याबोळ झाला म्हणतात," मी म्हणालो.

"व्हय साहेब!" तो खुशीत येऊन सांगू लागला. "आमी व्हतो तवर एक कंटेनर अडकला न्हाई. त्यांना काय येतंय? त्या पोरीला धड पास काढता येत न्हाई."

"पण आता चोरी झाली. ट्रेलर आला काय, गेला काय, कुणाला पत्ता नाही."

"पत्ता कसा लागंल? पुढच्या गेटला समदी गर्दी. मागच्या गेटनं गेला की कोण बघतंय?"

मी चहाचा कप खाली ठेवला. "मागच्या गेटने गेला, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

तो हसला. मग हसू थांबलं. मग त्याने एक मोबाइल खिशात घालायचा प्रयत्न केला, तेवढ्यात हवालदाराने हात पुढे केला. ड्रायव्हरला शेजारच्या खोलीतून आणलं. ड्रायव्हर म्हणाला, तोंड पाहिलं नाही, पण आवाज हाच. अर्ध्या तासाने निघोजेकर टेबलाकडे बघत म्हणाला, "चुकलं साहेब. ग्रुपवर ओटीपी आला, समोर दिसला. मालकाची जिरवायची व्हती."

पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे चोरालाही माहीत असतं. म्हणून मोबाइल जप्त करून सायबरकडे पाठवला, त्याने दाखवलेल्या जागेतून उरलेली रिळं पंचांसमक्ष काढली, साखळी पक्की केली. दोषारोपपत्र वेळेत गेलं. मुलगी साक्षीदार झाली, आरोपी नाही. मी स्वतः फोन करून सांगितलं. पलीकडून रडण्याचा आवाज आला, मग तिची आई फोनवर आली आणि मला आशीर्वाद देत राहिली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

पण काही दिवसांनी महिला हवालदारांनी सांगितलं की मुलीला कामावरून काढलं. कारण काय, तर लॉगिन तिच्या नावाचं होतं, गिऱ्हाइकांना उत्तर द्यायला कुणीतरी लागतं. मी संतापून एजंटला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, तुमचा तपास संपला ना?" यावर माझ्याकडे कलम नव्हतं. तक्त्यात शोधूनही सापडलं नसतं.

गेल्या महिन्यात इथल्या उद्योजकांनी एक सभा ठेवली होती. बंदरांच्या संगणक व्यवस्थेसाठी वेगळा कायदा व्हावा, त्यात काय असावं यावर चर्चा. मला निवृत्त अधिकारी म्हणून बोलावलं. विद्वान मंडळी छान बोलली. एका वकिलाने मसुदा वाचला, त्यात एक वाक्य होतं की लॉगिनच्या प्रत्येक वापराला ज्याच्या नावावर नोंदणी तोच व्यक्तिशः जबाबदार राहील. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठलो आणि ही केस सांगितली. म्हटलं, हे वाक्य असंच ठेवलंत तर पुढच्या वेळी ती मुलगी थेट कोठडीत जाईल. जबाबदारी आधी त्याच्यावर टाका, ज्याने प्रत्येकाला वेगळं लॉगिन दिलं नाही. माणूस नोकरी सोडेल त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद करणं सक्तीचं करा, म्हणजे भिडेला कायद्याचा आधार मिळेल. मालकाला म्हणता येईल, मी नाही काढत बाबा, कायदा काढतो. आणि चोरी झाली की लगेच कळवा, दडपाल तर दंड. वकिलाने लिहून घेतलं. पुढे काय होतं ते बघू.

चहाच्या वेळी तो एजंट माझ्याजवळ आला. सभेला तोही होता, मागच्या रांगेत. केस पांढरे झालेले. हळू आवाजात म्हणाला, "साहेब, खरं सांगू? मला पहिल्याच दिवशी त्याचा संशय आला होता. पण त्याच्या बापाची जागा... मी विचार केला, एक पोरगी गेली तर धंदा वाचेल."

"हे आत जाऊन माइकवर बोला," मी म्हणालो.

त्याने मान खाली घातली. आत गेला, बसला. अध्यक्षांनी विचारलं, आणखी कुणाला काही बोलायचंय का? मी मागे वळून पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

म्हणून मी हे लिहिलं. नाव कुणाचंच घेतलेलं नाही, त्याचंही नाही. पण तिचं नाव त्या दिवसांत अख्ख्या चाकणमध्ये चोर म्हणून फिरलं, ते कुणी परत घेतलं नाही. त्याचं नाव कुणाच्याही तोंडी आलं नाही. तो हे वाचेल, मला खात्री आहे, म्हणून त्याला एवढंच सांगतो. अहो, ती मुलगी अजून भोसरीतच राहते.