चावी तिच्याकडेच होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला नाही, ज्यांच्यासोबत नोकरीभर एका टेबलावर डबा खाल्ला त्या सहकाऱ्यांनाही नाही. सांगायला बसलो की जीभ आपोआप दुसरीकडे वळते – शाळेतल्या गमती निघतात, माणसं हसतात, आणि मी उठून जातो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की हेही पळणंच झालं?

मी इंग्रजीचा मास्तर. नव्वदीच्या सुरुवातीला, कळमनुरीहून डोंगरकड्याकडे जाताना लागणाऱ्या एका गावातल्या हायस्कूलवर लागलो. इंग्रजीचा तास म्हटलं की पोरांच्या पोटात दुखायचं. माझ्या आधीचे सर धडा मराठीतून सांगायचे आणि उत्तरं फळ्यावर लिहून द्यायचे. पोरं ती रांगोळी उतरवावी तशी उतरवून घ्यायची. मला ते बघवेना. मी तरुण होतो, आणि – खोटं कशाला बोलू – मला नाव काढायचं होतं.

मग मी खेळ सुरू केले. बाकं सरकवून वर्गातच गल्ल्या करायच्या, एकाच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा आणि बाकीच्यांनी 'टर्न लेफ्ट', 'गो स्ट्रेट' ओरडत त्याला बोळातून बाहेर काढायचं. कधी बाजार भरवायचा. पोरं घरून खरी वांगी, खरे कांदे आणायची, घासाघीस फक्त इंग्रजीत, मराठी शब्द तोंडातून निघाला की दुकान बंद. आठवड्यातून एकदा टेपरेकॉर्डर लावायचो. रेडिओवरून भरून घेतलेल्या इंग्रजी बातम्या ऐकवायच्या आणि कळेल तो एक तरी शब्द पकडून सांगायचा. आणि सगळ्यांत आवडता खेळ म्हणजे कोर्ट. एक जज, दोन वकील, साक्षीदार, आणि एक चोर.

चोर व्हायला कुणी तयार नसायचं. हात वर केला तो वनितानं.

वनिता नववीत होती. तांड्यावरची. त्या तांड्यावरून सातवीपर्यंत तीन-चार पोरी यायच्या, नववीला ही एकटीच उरली होती. टेकडी उतरून चालत यायची. घरी गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली बोलणारी, मराठी शाळेत येऊन शिकलेली – दुसऱ्यांच्या तोंडाकडं बघत, चुकत, हसणं सहन करत. म्हणून असेल, इंग्रजीची तिला धास्ती नव्हती. आणखी एक भाषा, एवढंच.

मी विचारलं, "चोरच काहून व्हायचं तुला?"

"सर, चोराला लई बोलायला भेटतं," ती म्हणाली. "जज तर नुसतं ऑर्डर ऑर्डर करून राहिला."

त्या दिवशीचा खटला कोंबडीच्या चोरीचा होता. वकिलानं पाठ केलेला प्रश्न विचारला. वनिता पिंजऱ्यात – म्हणजे दोन उलट्या खुर्च्यांमध्ये – उभी होती. क्षणभर थांबली आणि म्हणाली, "माय लॉर्ड, आय डिड नॉट टेक द हेन. द हेन केम बिहाइंड मी."

कोंबडीच माझ्यामागं आली! वर्गात हशा पिकला. हे वाक्य पुस्तकात नव्हतं, मी दिलेलं नव्हतं. त्या शाळेत एका लेकरानं आपल्या मनानं इंग्रजीत वाक्य केलं होतं. मी धावत जाऊन मुख्याध्यापकांना बोलावून आणलं – मोठे सर म्हणायचो आम्ही त्यांना – आणि त्यांच्यासमोर पुन्हा खेळ करायला लावला. मोठे सरही हसले. पुढं प्रत्येक खेळात वनिताच चोर. पोरं तिला मधल्या सुट्टीतही 'ए चोरटे' म्हणून हाक मारायची. मी ऐकायचो. मला ते कौतुकच वाटायचं.

टेपरेकॉर्डर एका कपाटात असायचा. त्याची चावी मी वनिताकडे दिली. माझ्या तासाआधी ती कपाट उघडायची, मशीन टेबलावर मांडायची, तास संपला की ठेवून द्यायची. चावी काळ्या दोऱ्यात गळ्यात घालायची, एखादा दागिना घालावा तशी.

आता पुढचं. – इथवर मी नेहमीच येतो. इथून पुढं जात नाही.

त्या कपाटाचं कुलूप मीच विकत आणलं होतं. कुलपाला दोन चाव्या असतात. दुसरी माझ्या खिशात असायची. हे शाळेत कुणाला ठाऊक नव्हतं.

माझ्या बहिणीचा साखरपुडा होता, कनेरगाव नाक्याजवळच्या एका खेड्यात. गाणी लावायला काहीतरी हवं होतं. शनिवारी शाळा सुटल्यावर मी कपाट उघडलं, टेपरेकॉर्डर पिशवीत घातला आणि घेऊन गेलो. विचारलं नाही. सोमवारी सकाळी ठेवून देऊ, कुणाला कळतंय? तिथं लाइटीचा भरवसा नव्हता. गाणं चालू असताना मशीनमधून वास आला, मग धूर. हिंगोलीत दुरुस्तीवाल्याला दाखवलं. त्यानं झाकण उघडून बघितलं आणि म्हणाला, "मास्टर, इसमें कुछ नहीं बचा." येताना मामाच्या शेतातल्या पडक्या विहिरीत मी ते टाकून दिलं.

सोमवारी सगळं सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं का? मला आठवत नाही. पुष्कळदा आठवून बघितलं. ठरवलं होतं, असं मनाला वाटावं म्हणून मन धडपडतं, पण आठवत नाही.

सोमवारी वनिताच धावत आली. "सर, टेप न्हाई! कपाटात टेप न्हाई!" तिचं तोंड उतरलं होतं. आणि मी दचकलो. म्हणजे दचकल्याचं नाटक केलं. पोरांची नाटकं बसवणारा माणूस मी, मला काय अवघड होतं?

मोठ्या सरांनी मला आत बोलावलं. नोकरी अजून कायम व्हायची होती माझी. त्यांनी साधा प्रश्न विचारला – "चावी कुणाकडं असते?"

मी म्हणालो, "वनिताकडेच असते, सर."

'वनिताकडे असते' म्हणालो असतो तरी ते पूर्ण खरं झालं नसतं, पण निदान फट राहिली असती. आणखी कुणाकडं आहे का, असं त्यांनी विचारलं असतं. त्या एका 'च'नं मी दार लावून घेतलं. भाषा शिकवणारा माणूस होतो. कुठला शब्द काय करतो हे मला बराबर कळत होतं.

"तुमच्या त्या खेळात चोर बनते, ती हीच ना?"

"हो," मी म्हणालो.

तिला बोलावलं. ती टेबलासमोर उभी राहिली आणि स्पष्ट म्हणाली, "मी न्हाई घेतला, सर." दारात शिपाई उभा होता. तो म्हणाला, "खेळात बी असंच म्हणती ती." दोन मास्तर हसले. वनितानं माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे, धीर धरून. खेळात अडली की ती असंच बघायची, आणि मी ओठ हलवून तिला पुढचा शब्द सांगायचो. ती शब्दाची वाट बघत होती. मी टेबलावरच्या काचेखालचं वेळापत्रक वाचत राहिलो.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप आला, थावराभाऊ. चपला पायरीखाली काढून वर आला. मोठ्या सरांकडं न जाता आधी माझ्याकडं आला. "सर, पोरगी तुमचं नाव लई घेती घरी. बाकीचे काय म्हणतात ते जाऊ द्या. तुमी सांगा – तिनं नेला का?"

त्यानं मला विचारलं. फक्त मला. अजूनही वेळ होती ना? व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो.

मी म्हणालो, "थावराभाऊ, मी त्या दिवशी गावात नव्हतो."

ते खरं होतं.

तो "बरं" म्हणाला. वर्गातून वनिताला बोलावलं, गोरमाटीत काहीतरी बोलला. तिनं गळ्यातला दोरा काढला आणि चावी माझ्या हातात दिली. दोघं टेकडीकडं निघून गेले. मोठ्या सरांनी शाळेतून तिचं नाव कमी केलं नव्हतं. 'लेकरू आहे, पोलिसात देत नाही, परीक्षेला येऊ दे,' असं ते मोठ्या मनानं म्हणाले होते. ती आली नाही. उन्हाळ्याआधी तिचं लग्न झाल्याचं पोरांकडून कळलं. पुढं कितीतरी वर्षं त्या तांड्यावरून एकही पोरगी आमच्या हायस्कूलला आली नाही.

मी कायम झालो. खेळांचं नाव झालं. जिल्ह्याच्या शिबिरांत मला बोलवायला लागले – वर्गात खेळातून इंग्रजी कसं शिकवावं यावर. मी कोर्टाचा खेळ सांगायचो. कोंबडीचं ते वाक्यही सांगायचो. शिक्षक खळखळून हसायचे, वहीत उतरवून घ्यायचे. 'माझी एक विद्यार्थिनी होती,' एवढंच मी म्हणायचो. माझी!

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. नाही. मलाही बरेच दिवस वाटायचं की हाच.

बऱ्याच वर्षांनी माझी बदली संस्थेच्या कळमनुरीच्या शाळेत झाली. आठवीचे प्रवेश चालू होते. एक बाई पोरीला घेऊन दारात उभी. "सर, वळखलं का?" मी ओळखलं. आवाजावरून ओळखलं.

पोरीला तिनं बाहेर उभं केलं आणि स्वतः आत आली. हळू आवाजात म्हणाली, "सर, तुमाला आजून वाटत आसंल. पण मी न्हाई घेतला टेप. आईची आन. तुमी माझ्यावर इस्वास टाकला व्हता, आन् तुमालाच तकलीफ झाली. तेच लागून राह्यलं मनाला."

एवढी वर्षं ती हे घेऊन फिरत होती. माझ्यापुढं खरी ठरावी म्हणून.

आणि मी काय केलं? सांगतो. मी तिला माफ केलं. खुर्चीत मागं रेलून, मऊ आवाजात म्हणालो, "जाऊ दे वनिता. जुनं झालं ते. माझ्या मनात काही नाही."

तिचे डोळे भरले. ती खाली वाकली आणि माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले नाहीत.

निघताना म्हणाली, "एकच करा, सर. हिला खेळात घेऊ नका. पुस्तकातलंच शिकवा."

पोरगी तीन वर्षं माझ्या वर्गात होती. हुशार, गप्प. खेळ चालू झाले की ती कडेच्या बाकावर पुस्तक उघडून बसायची आणि मान वर करून बघायची. मी एकदाही 'ये' म्हणालो नाही. दहावीला चांगली पास झाली. आईसोबत पेढे घेऊन घरी आली. वनिता दारातूनच म्हणाली, "सर, तुमच्यामुळं झालं हे."

बायकोनं त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. त्या पोरीनं डबा माझ्यापुढं धरला. मी एक पेढा उचलला आणि त्यांच्यासमोर खाल्ला.