फेटे चालतील, रंग नाही

गेल्या महिन्यात एका गुरुवारी माझं डोकं असं फिरलं, की ते अजून पूर्ण ठिकाणावर आलेलं नाही. सीमेपलीकडचं एक डच गाव, एका शेतकऱ्याची रिकामी शेड, आणि तिथे आमच्या बँडची प्रॅक्टिस...

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही राहतो जर्मनीत, आखेनला. बस पकडली की थोड्या वेळात नेदरलँड्स लागतं, दुसऱ्या बाजूने गेलं तर बेल्जियम. रविवारी इकडे दुकानं बंद म्हणून खरेदी डच बाजूला, फ्राइज मात्र बेल्जियमच्याच... असा आमचा संसार तीन देशांत पसरलेला आहे.

त्या डच गावात हिवाळा संपता संपता कार्नावाल असतो. सगळं गाव सोंगं घेऊन रस्त्यावर येतं आणि मिरवणुकीत मुद्दाम बेसूर वाजवणारे बँड असतात. ऑफिसमधला मित्र विम मला चार वर्षांपूर्वी तिकडे घेऊन गेला. पुण्यात पथकात ताशा वाजवलेला माणूस मी... गळ्यात ड्रम पडला आणि मी त्यांच्यातलाच झालो. निदान मला तसं वाटत होतं.

यंदाची थीम ठरली बॉलिवूड. मी जाम खूश! सासूबाईंनी पुण्याहून फेट्यांचं कापड पाठवलं. माझ्या बायकोने, ऋचाने, एक अख्खा रविवार घालवून सगळ्यांना फेटे बांधून दिले.

आणि त्या गुरुवारी योसने, आमच्या बँडच्या म्होरक्याने, टेबलावर एक डबा ठेवला. चेहऱ्याला फासायचा तपकिरी रंग.

"सगळ्यांनी लावायचा," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला, "तू सोडून. तुझं काम देवाने आधीच करून ठेवलंय."

सगळे खो खो हसले.

माझे कान तापले. डच तर जिभेवरून पळूनच गेलं. मग मी जर्मनमध्ये बोललो, ते तिथे सगळ्यांना कळतं. म्हटलं, "हा माझा चेहरा आहे. सोंग नाही."

योसला खरंच काही कळेना. "अरे, गेल्या वर्षी आपण गायी झालो होतो तेव्हा तूही पांढरा रंग लावलास की!"

गायी... म्हणजे गेल्या वर्षी गायी आणि यंदा आम्ही!

"तुझा रंग तू घरी जाऊन धुशील," मी म्हणालो. "मी हाच चेहरा घेऊन परतीच्या बसमध्ये बसतो. सीमेवर तपासणीला कुणी चढलं की सगळ्या बसमधून पहिला पासपोर्ट माझा मागतात. तेव्हा कुणाला हसू येत नाही."

विम त्या बसमध्ये माझ्या शेजारी बसलेला आहे. हे त्याने डोळ्यांनी पाहिलंय. आणि तो ग्लासातल्या बिअरकडे बघत बसला... खरं सांगतो, योसपेक्षा मला त्याचा जास्त राग आला.

मी ड्रम खाली ठेवला आणि निघालो.

घरी येऊन ऋचाला सगळं सांगितलं. वर म्हटलं, संपलं, आता तिकडे पाऊल ठेवणार नाही. मला वाटलं ती म्हणेल, बरं केलंस. तर ती माझ्यावरच उखडली.

"रंग त्यांनी आणला आणि घरी तू का बसायचं? चार वर्षं वाजवतोयस तिथे. पाहुणा आहेस का?"



पुढच्या प्रॅक्टिसला गेलो. ऋचाही आली. डबा तिथेच टेबलावर होता. मी खुर्ची ओढून बसलोच नाही, उभ्यानेच बोललो... "मी बँड सोडत नाहीये. ड्रम मीच वाजवणार. पण कुणी हा रंग लावला, तर भर मिरवणुकीत थांबेन आणि का थांबलो ते सगळ्या गावाला सांगेन."

"आणि फेटे मी परत नेईन," ऋचा तिच्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाली.

मग ट्रूस उठली. ही आमच्यात ट्युबा, म्हणजे ते भलंमोठं पितळी वाद्य, वाजवते, सत्तरीची आहे, एरवी फारशी बोलत नाही. तिने ऋचाला विचारलं, "आम्ही फेटे घातले तर चालतील ना तुला?"

"मीच बांधलेत ते. मानाने घाला, एवढंच."

"मग फेटे घालू," ट्रूस म्हणाली. "तोंड ज्याचं त्याचं राहू दे." आणि डबा उचलून तिने योसच्या हातात दिला.

"आता काय, साधं हसायचीसुद्धा चोरी!" योस पुटपुटला. डबा त्याने गाडीत नेऊन टाकला. माफी वगैरे काही नाही... अजूनही नाही.

मिरवणूक झाली. थंडीने लाल झालेली गोरी तोंडं आणि वर केशरी फेटे... दिसत झकास होते, हे मान्य करतो. योस पुढे चालत होता, एकदाही त्याने मागे वळून पाहिलं नाही. इतक्या रागाने मी आयुष्यात वाजवलं नव्हतं. हातांना फोड आले.

संपल्यावर विम जवळ आला. म्हणाला, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

'जाऊ दे रे' अगदी ओठांवर आलं होतं... आपल्याला तेच सवयीचं. पण ते गिळलं आणि म्हटलं, "हो. हवं होतं." त्याने मान खाली घातली.

राग गेलेला नाही आणि तो घालवायची मला घाईही नाही. परक्या देशात हसून सोडून द्यायला माणूस फार लवकर शिकतो. ऋचा, मला तसं सोडू दिलं नाहीस... थँक यू.