उत्तमभाऊंची तिरकी काच

उत्तमभाऊंच्या नावाला बट्टा मी लावला. ते गेल्याला दीड महिना झाला, तरी लोक अजून मला रस्त्यात थांबवून म्हणतात, "सर, तुमचा जवळचा माणूस गेला." मी नुसती मान हलवतो. त्या जवळच्या माणसाशी मी कसा वागलो, ते त्यांना ठाऊक नसतं... म्हणून आधी ते कबूल करतो, मग आठवणी.

गंगाखेडला बसस्थानकामागच्या गल्लीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टच्या आणि लग्नाच्या फोटोंवर घर चालायचं, पण जीव अडकलेला होता जुन्या नाण्यांच्या फोटोंत. मी इथल्याच शाळेत शिक्षक. निजामाच्या काळातली नाणी जमवायचा मला नाद. पहिल्यांदा गेलो तेव्हा चारमिनारचा चांदीचा रुपया त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "काळा पडलाय. चिंचेनं घासून आणू का?" ते दचकलेच. "गुर्जी, त्यो काळा न्हाई. तुमी त्याला नीट उजेडात बघितलंच न्हाई." एका जुन्या फ्रेमची काच त्यांनी नाण्यावर तिरकी बसवली आणि बाजूनं दिवा लावला. उजेड काचेवरून वळून सरळ खाली नाण्यावर उतरला. "आता वरून बघा, काचंतून." मी वाकलो... कडेला मधासारखा पिवळा, त्याच्या आत जांभळट, आणि चारमिनारच्या पायाशी अगदी मंद निळा. राणीसावरगावच्या एका घरात तो रुपया वर्षानुवर्षं कागदात गुंडाळून लाकडी पेटीत पडला होता. त्या वर्षांनीच हे रंग त्याच्यावर चढवले होते. मी ते घासून काढणार होतो.

त्यांची पद्धत ठरलेली. नाणं कडेनंच धरायचं. खिडकी बंद. "दिव्याचा उजेड पिवळा, खिडकीचा निळा. दोघं भांडायलेत अन् नाणं मधल्यामधी मरायलंय," म्हणायचे. आधी त्याच उजेडात कोऱ्या पांढऱ्या कागदाचा फोटो काढायचे आणि संगणकावर तो कागद पांढरा दिसेपर्यंतच रंग हलवायचे. "कागद पांढरा झाला की हात काढायचा, गुर्जी. फुडं केलं ते आपलं, नाण्याचं न्हाई." म्हणून तर परभणी-नांदेडचे संग्राहक आपली नाणी विश्वासानं त्यांच्याकडं पाठवायचे. रंग खरा हवा, तर उत्तमभाऊ.

मग परभणीत आम्हा संग्राहकांचं प्रदर्शन भरलं आणि स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी माझा रुपया निवडला गेला. उत्तमभाऊंनी दिलेला फोटो मला फिका वाटला. घरी बसून मी निळा थोडा वाढवला, जांभळा थोडा वाढवला, मग आणखी थोडा... आणि त्यांना न विचारता पाठवून दिला. आत छायाचित्रकार म्हणून नाव त्यांचं छापलं होतं.

प्रदर्शनात रुपया काचपेटीत, ट्यूबलाइटखाली करडा पडून राहिला होता. शेजारी स्मरणिकांचा गठ्ठा. नांदेडचे एक ज्येष्ठ संग्राहक मोठ्यानं हसले. "पुस्तकात मोर अन् पेटीत कावळा! सर, हा तुमचाच रुपया ना?" माणसं वळून पाहू लागली. उत्तमभाऊ नवा सदरा घालून माझ्या शेजारीच उभे होते. आणि मी म्हणालो, "फोटोवाल्यांची करामत. त्यांनाच विचारा."

उत्तमभाऊंनी स्मरणिका डोळ्यांजवळ नेली. कुणाचा हात फिरलाय हे त्यांना कळलं, आणि त्यांना कळलं हे मला कळलं. तरी त्यांनी स्मरणिका हळूच गठ्ठ्यावर ठेवली. परतीच्या एसटीत पोखर्णीला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "च्या घेता का, गुर्जी?" बस, एवढंच.

त्यानंतर त्यांच्याकडं नाणी येणं थांबलं. 'रंग चढवणारा' हे नाव त्यांना चिकटलं. मी मात्र दर रविवारी जात राहिलो, त्यांचा चहा पीत राहिलो. चार वर्षं. बोलायचं म्हणून जायचो आणि कप ठेवून उठायचो. मग एका सकाळी शाळेत फोन आला... स्टुडिओ उघडता उघडताच ते कोसळले होते.

तेराव्यानंतर वहिनींनी बोलावलं. टेबलाच्या खणातून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. आत माझ्या रुपयाचा त्यांनी काढलेला मूळ फोटो होता, सोबत पांढऱ्या कागदाचाही. वहिनी म्हणाल्या, "म्या लय येळा म्हनलं, न्या ह्यो फोटो, दावा समद्यायला. तर म्हनायचे, गुर्जी शाळंत शिकवतेत. लोकं त्यांच्या भरवशावर लेकरं धाडतेत."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्या मागं सरकल्या. "मला नका सांगू. जिथं बोललाव, तिथंच बोला."

गेल्या रविवारी परभणीला संग्राहकांची बैठक होती. मी वहिनींकडून मागून घेतलेली ती काच आणि दिवा, माझा रुपया आणि पाकिटातला तो फोटो घेऊन गेलो. खिडकी लावून घेतली. काच तिरकी बसवायला मला तीनदा प्रयत्न करावा लागला. एकेकजण येऊन वाकून पाहू लागला. नांदेडचे ते गृहस्थ सर्वांत जास्त वेळ वाकून राहिले. मग शेजारचा मूळ फोटो त्यांनी उचलला, पुन्हा काचेतून पाहिलं आणि म्हणाले, "अहो, हे तर तंतोतंत तेच रंग आहेत."

"उत्तमभाऊंनी दिलेला फोटो हाच," मी म्हणालो. "मुखपृष्ठावरचे रंग मी वाढवले होते. आणि याच गावात, त्यांच्या देखत, मी दोष त्यांच्यावर ढकलला. तुमची माफी मागायचीच आहे, पण आधी त्यांची मागतो..." पुढचं मी काचेकडं बघत म्हणालो. "उत्तमभाऊ, चुकलो. मला माफ करा."