शिवनेकाठचा वाळूतला कोळी

आमच्या ह्यांनी उभी हयात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, पण स्वयंपाकघरात झुरळ निघालं की हाक मला मारतात. तेव्हा निवृत्तीनंतर ते एका कोळ्याला वाचवायला निघाले, हे कळल्यावर मी आधी हसले. मग उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरातली सगळी जाळी घाईनं झाडून घेतली. न जाणो, त्यांनाही हात लावायची बंदी व्हायची.

हा कोळी मात्र जाळं विणत नाही. लासूर स्टेशनच्या पुढं शिवनेकाठी आमचं शेत आहे, थोरले दीर ते कसतात. शेताच्या कडेला वाऱ्यानं वर्षानुवर्षं वाळू आणून टाकलीय, तिचं लांबट टेकाड झालंय. तिथं ह्यांना हा दिसला. ज्वारीच्या दाण्याएवढा, वाळूच्याच रंगाचा, दबा धरून भक्ष्यावर उडी मारणारा. फोटो ओळखीच्या एका अभ्यासकाकडं गेले. त्यांनी कळवलं, हा उघड्या वाळूतच जगतो आणि अशी वाळू आता फार थोडी उरलीय, टेकाड जपा.

अडचण एवढीच होती, की दिरांनी नव्या खोल्यांच्या बांधकामाला तीच वाळू धरली होती. ट्रॅक्टर सोमवारी यायचा होता.

रविवारी आम्ही शेतावर गेलो. ह्यांनी दिरांना लिंबाखाली बसवून पाऊण तास व्याख्यान दिलं. अन्नसाखळीपासून सुरुवात केली, काही म्हणून सोडलं नाही. दीर सुपारी कातरत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सापासाठी कधी काम थांबवलं नाय मी. आता कोळ्यासाठी थांबवू व्हय?"

अख्खा वर्ग झोपला तरी ह्यांचा चेहरा कधी पडला नसेल. त्या दिवशी पडला.

जाऊबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ह्यांच्या हातातलं भिंग घेतलं, पदर खोचला आणि सरळ टेकाडावर पालथ्या झाल्या. मीही शेजारी वाकले. बराच वेळ काही दिसेना. मग वाळूचा एक कण हलला, वळला आणि पुढचे दोन मोठे डोळे वर करून थांबला. जाऊबाईंनी बोट डावीकडं नेलं, तो डावीकडं वळला. उजवीकडं नेलं, उजवीकडं.

"हा माझ्याकडंच बघतोय," त्या हळूच म्हणाल्या. उठल्या, लुगड्याची वाळू झटकली आणि दिरांना म्हणाल्या, "खोल्यांना दगडाची चुरी आणा. हितं ट्रॅक्टर येणार नाय."

दिरांनी मुकाट्यानं ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला. ह्यांना आनंद झालाच, पण आपलं व्याख्यान फुकट गेलं याचं थोडं वाईटही वाटलं असावं. परतीच्या वाटेवर मी ते विचारूनही घेतलं. ह्यांनी भिंग पुसायला घेतलं.

पावसाळ्यात शिवनेला पूर आला आणि अर्धं टेकाड वाहून गेलं. दोन दिवस हे धड जेवले नाहीत. तेव्हा मात्र मी चेष्टा केली नाही.

दिवाळीनंतर गेलो, तर उरलेल्या वाळूभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण. शेळ्या चढू नयेत म्हणून जाऊबाईंनी घातलेलं. दीर म्हणाले, ह्या बायकांच्या खुळात आपण नाय. आम्ही तिघं वाकून शोधत बसलो. पूर्वी सहज वीसेक दिसायचे, आता उन्हं चढेपर्यंत चारच सापडले.

पाचवा दिरांनी दाखवला.