मागच्या चाकाची घरघर

मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये हत्यारं मापाप्रमाणे भिंतीला टांगलेली असत आणि दाराशी एक लाकडी स्टूल असे. ते बायकोचं. गेले अकरा महिने त्यावर कोणी बसलं नव्हतं. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून ती तीन महिन्यांच्या बोलीवर गेली आणि नातवाने तिला असं काही गुंतवलं, की ती तिकडचीच झाली.

मिस्त्रींच्या हाताला तोड नव्हती, पण कानांच्या नावाने बोंब. तीस वर्षं हातोडा चालवल्यावर कान शाबूत राहणार तरी कसे? म्हणून चाकाचा आवाज येणारी गाडी आली, की बायको हातातलं काम टाकून मागच्या सीटवर जाऊन बसायची. मिस्त्री एक फेरी मारायचे. ती डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, "डावं." नाहीतर, "उजवं." एकदाही चुकली नाही. गॅरेज नवऱ्याचं आणि कान बायकोचे, असं गिऱ्हाइकं गमतीने म्हणत.

त्या सोमवारी शेजारचे मास्तर आपली बावीस वर्षांची गाडी घेऊन आले.

"मिस्त्री, ही गाडी आहे की पिठाची गिरणी? मागून नुसती घरघर!"

मिस्त्रींची नजर सवयीने स्टुलाकडे गेली आणि तशीच परत आली. जॅक लावून त्यांनी मागची दोन्ही चाकं हलवून पाहिली. डावं किंचित हललं. झालं, डावंच. त्यांनी नट काढून ड्रम उतरवला, जुनं बेअरिंग पितळी पंचने ठोकून काढलं, जागा पुसून लख्ख केली. नव्यात ग्रीस भरलं आणि जुन्या बेअरिंगचं बाहेरचं कडं त्यावर ठेवून हलक्या हाताने ठोकत ते बसवलं. नट आधी आवळला, मग चाक मोकळं फिरेल इतपत ढिला सोडला. काम कसं देखणं झालं.

मास्तर फेरी मारून आले. "मिस्त्री, गिरणी चालूच आहे!"

मिस्त्रींचा चेहरा खर्रकन उतरला. पण मनात कुठेतरी बरंही वाटलं. बायकोला भरदुपारी फोन करायला कारण मिळालं होतं. एरवी रोज रात्री जेवण झालं का, बाळ झोपलं का, एवढंच बोलणं व्हायचं. कधी येतेस, हे मात्र ओठांवर येऊन परत जायचं.

"अगं, मास्तरांची गाडी आलीय. डावं बेअरिंग बदललं, तरी मागच्या चाकाचा आवाज आहेच. जरा ऐकतेस?"

"फोनवरून?"

"मागच्या सीटवर ठेवतो तुला."

"ठेवा. पण वळणावर पाडू नका म्हणजे झालं."

मास्तरांना शेजारी बसवून मिस्त्रींनी फेरी मारली, गाडी कडेला घेतली आणि फोन उचलून स्पीकर लावला. "काय ऐकलंस?"

"कपाळ माझं! तो आवाज फोन खाऊन टाकतो. तुमचा खोकला तेवढा ऐकला. औषध घेता का?"

"ते राहू दे. कुठलं चाक?"

"डावं बदललंत ना? मग उरलं कुठलं? त्याला कान कशाला हवेत?"

मास्तर पोट धरधरून हसले. गॅरेजमध्ये परतून मिस्त्रींनी उजवं बेअरिंग काढून बोटांनी फिरवलं. आत वाळू भरल्यासारखं खरखरलं. नवं बसवून ते मास्तरांना शेजारी घेऊन पुन्हा निघाले. सीटवर हात टेकवून पाहिला, थरथर गेली होती. मास्तर खूश झाले.

इतक्यात फोन वाजला. त्यांनी गाडी थांबवून स्पीकर लावला.

"गेला का आवाज?"

मिस्त्रींनी आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती.

"नाही गेला," ते म्हणाले. कामाबद्दल ते बायकोशी पहिल्यांदाच खोटं बोलत होते.

"अहो मिस्त्री, कसला आवाज?" मास्तर उसळले. "गाडी लोण्यासारखी चाललीय!"



"मास्तरांना काय कळतंय त्यातलं," बायको हळूच म्हणाली. "मीच येऊन ऐकते. नातू चालायला लागला की निघते."

"आता काय करतो?"

"भिंत धरून उभा राहतो."

"मग..." मिस्त्रींनी घसा साफ केला, "भिंत कधी सोडतो?"